झाकून ठेवलेला काढा

भरतीचं मैदान जवळ आलं होतं आणि माझी मुलगी हरभऱ्यात भिजत होती.

मैदान म्हणजे पोलीस भरतीचं. यवतमाळला मुलींना पळवतात, गोळा फेकायला लावतात, आणि त्यात निघाली तरच पुढं लेखी परीक्षा. दोन हिवाळे ती पहाटे उठून राळेगावच्या रस्त्यानं पळत होती. मागच्या खेपेला थोडक्यात राहिली. या खेपेला नाही निघालं तर पळणं बंद आणि राळेगावच्या कापडाच्या दुकानात कामाला लागायचं, असं तिनं स्वतःच बाबांना सांगितलं होतं. दुकानवाल्यानं जागाही धरून ठेवली होती. ती रोज त्या दुकानावरून पळत जायची, पण तिकडे मान वळवायची नाही.

हरभऱ्याला स्प्रिंकलर लावला होता. त्याचे पाइप एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचे तर दोन माणसं लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. विजेची लाईन त्या आठवड्यात पहाटेची होती आणि येणारा गडी आलाच नाही. तिचे बाबा काही बोलले नाहीत. ते तसेही दिवसभरात मोजकंच बोलतात. नुसते खांद्यावर दुपट्टा टाकून दारात उभे राहिले. मुलीनं बूट काढून ठेवले, चप्पल घातली आणि म्हणाली, "आज पळत नाही. चला बाबा." माघाची थंडी होती. दोघं उजाडेपर्यंत पाइप उचलत राहिले. घरी आले तेव्हा दोघांच्याही कपड्यांतून पाणी गळत होतं.

संध्याकाळी तिला हिव भरलं. दात वाजत होते. आमच्या पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो, भाव चढेपर्यंत. त्या ढिगाला टेकून ती बसली, वरून दोन गोधड्या घातल्या, तरी थरथर थांबेना. सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली पोरीले. रोज रस्त्यानं पळते, सारं गाव पायते." त्यांनी मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशी राळेगावला नेलं. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, मलेरिया नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. ताप उतरला. पण अंग मोकळं झालं नाही. मान वळत नव्हती, पाठ लाकडासारखी झाली होती, पोटऱ्यांत गोळे. घराची पायरी चढताना ती दाराची चौकट धरायची. आणि आता मैदान उद्यावर आलं होतं.

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पायरीवर बसून एकदा डावा पाय उचलून पाहायची, एकदा उजवा.

दुपारी माझा पुतण्या आला, दिराचा मुलगा. तो चीनमध्ये डॉक्टरकी शिकून आलेला आहे. इथली परीक्षा अजून निघायची आहे, म्हणून घरीच अभ्यास करतो, आणि गावातले लोक त्याला उगाच चिडवतात. त्याच्या हातात कागदाची एक पुडी होती, चांगली ओंजळभर.

"काकू, हे पाहा. तिकडं मीबी एकदा असाच आखडलो होतो. बर्फ पडत होता आन मी हॉस्टेलात हिवानं कुडकुडत. तिथल्या बाईनं असा काढा करून पाजला. घाम फुटला आन दुसऱ्या दिवशी मान वळाली."

मुलगी गोधडीतून म्हणाली, "दादा, चायना माल हाये. गॅरंटी नाही भेटत."

"तुले कोण देऊन राह्यलं? मी काकूले देतो."

"मंग काकूलेच पळायले ने उद्या."

बऱ्याच वेळानं ती हसली होती. पुतण्यानं त्या काढ्याचं तिकडचं नाव सांगितलं, पण ते माझ्या जिभेवर बसलं नाही. मी पुडी ताटात ओतली. वाळलेल्या आल्याच्या चकत्या ओळखल्या. दालचिनी ओळखली, ज्येष्ठमध ओळखलं. वाळलेली लाल बोरं होती, आपल्या बोरांपेक्षा मोठी. पांढऱ्या, धागेदार चौकोनी फोडी होत्या. त्या एका वेलाच्या कंदाच्या, तो म्हणाला, आपल्या भुईकोहळ्याच्या जातीतल्या. भुईकोहळा मला माहीत आहे, बाजारात जंगलाकडच्या बाया विकायला आणतात. आणखी कसल्यातरी पांढरट चकत्या होत्या. आणि हिरवट पिवळ्या बारीक काड्या होत्या, झाडूचे तुकडे करावेत तशा.

"पहिले भिजू द्या, मंग उकळा. निम्मं पाणी आटवजा. गरम गरम पाजा आन पांघरूण घालून झोपवा. वारा लागू देऊ नोका," असं सांगून तो गेला.

तिचे बाबा जेवण करून पुन्हा शेतात गेले होते. विहिरीवरच्या मोटारीत बिघाड होता, तो पाहून यायला उशीर होणार होता.

मी सांज पडायच्या सुमाराला चुलीवर काढा ठेवला. गॅसवर नाही ठेवला. काढा चुलीवरच करायचा असतो असं आमच्याकडे मानतात, मंद आचेवर. वास चांगला येत होता, आधी दालचिनीचा, मग मातीसारखा. पातेल्याच्या आतल्या बाजूला काळसर रेघ उमटत उमटत खाली येत होती. निम्म्यावर आल्यावर मी उतरवलं, गाळून घेतलं आणि परत त्याच पातेल्यात ओतलं.

लहानपणापासून माझ्या मुलीला कडू औषध द्यायचं तर आधी मी घोट घ्यायचा, तोंड वाकडं न करता, मग ती घेणार. आता ती एवढी मोठी झाली, पण वाटी हातात घेतली आणि माझ्याच तोंडाकडे पाहत बसली. म्हणून मी दुसरी वाटी भरली आणि अर्धी प्याले. त्या दिवशी माझा उपास होता, तिच्या मैदानासाठी धरलेला. सकाळपासून पोटात शेंगदाणे आणि पाण्याखेरीज काही नव्हतं.

काढा कडू नव्हता. गोडसर, तिखट, थोडा तुरट. मी म्हटलं, "बरा हाये. जरा निवू दे, तोंड भाजन."

तिची वाटी निवायला ठेवली आणि मी ताटं मांडायला उठले. ताटं मांडता मांडता माझी छाती धडधडायला लागली. आधी वाटलं, उपासाचं आहे. मग हातातलं ताट वाजायला लागलं. तळहात ओले झाले. कानात ठोके ऐकू येत होते. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, सारं घर एका दमात झाडून काढावं असं वाटत होतं. मी वळून पाहिलं तर मुलीनं वाटी ओठाला लावली होती.

घरात मी मोठ्यानं बोलत नाही. बोलायची सवयच नाही. त्या वेळीही बोलले नाही, नुसता जाऊन तिच्या वाटीवर हात ठेवला.

"आई, सोड."

मी मान हलवली.

"सोड ना वं. उद्या मैदान हाये माह्यं. तुले दिसून राह्यलं ना माह्या पायाचं काय झालं ते?"

"नोको पिऊ."

"काहून?"

मी तिचा हात धरून माझ्या छातीवर ठेवला. तिनं वाटी खाली ठेवली आणि दादाला फोन लावला, आवाज मोठा करून.

पुतण्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "काकू, किती पेल्या?"

"अर्धी वाटी."

"पोट खाली होतं काय?"

"हाव."

"बसा तुम्ही. पाणी प्या, दोन घास खा. उतरन थोड्या वेळात. नाही उतरलं तर मी गाडी काढतो." मग त्यानं पुढं सांगितलं, "त्यात त्या झाडूवाणी काड्या हायेत ना, त्यानं होते तसं. तापातल्या माणसाले त्यानं घाम येते. पण तिले नोका देऊ. खेळाडूले चालत नाही ते. माह्या ध्यानातच नाही आलं की उद्या तिले पळायचं हाये. चुकलं माह्यं."

मुलीनं फोन जवळ घेतला. "दादा, चालत नाही म्हणजे? त्यानं पळायले जोर येते काय?"

"तुले काय करायचं त्याचं?"

"सांग ना. येते काय?"

"आल्यासारखं वाटते. पण छाती फुटन असं होते. आन मैदानावर रक्त तपासलं तर बाहेर काढतीन, मंग पुढंबी कधी घेणार नाही. समजलं?"

"समजलं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावरही ती त्या वाटीकडे पाहत होती. मी वाटीतला काढा परत पातेल्यात ओतला, तर पातेल्याकडे पाहायला लागली.

मी पातेलं उचलून न्हाणीकडे निघाले. सासूबाई आतून म्हणाल्या, "थांब वं. दिवा लागला. औषध टाकत नसते आता घराबाहेर. दुखणं फिरून येते. सकाळी टाकजो."

त्यांच्यापुढे मी कधी बोलले नाही, त्या दिवशी तरी काय बोलणार होते. छाती अजून धडधडतच होती. मी पातेल्यावर ताटली झाकली आणि चुलीच्या कडेला ठेवून दिलं.

मुलीला गरम पेज दिली. तव्यावर मीठ भाजून फडक्यात बांधलं आणि तिची मान, पाठ, पोटऱ्या शेकल्या. जवसाचं तेल कोमट करून चोळलं. माझ्या हातात नको तितका जोर आला होता, ती दोनदा ओरडली. हळूहळू माझी छाती शांत झाली, आणि तिला चोळता चोळताच माझा डोळा लागला. तिचे बाबा कधी आले ते कळलं नाही. उशीर झाला की ते आपलं आपण वाढून घेतात, कुणाला उठवत नाहीत.

सकाळी आंघोळीचं पाणी तापवायला चुलीजवळ गेले. काढा टाकून देऊ म्हणून ताटली उचलली.

काढा निम्म्यापेक्षा कमी होता.

ताटली जशीच्या तशी झाकलेली होती. पण आतल्या बाजूला जिथं काढ्याची काळी रेघ उमटली होती, तिच्या बराच खाली काढा उतरला होता. सांडला म्हणावं तर चुलीजवळ ओल नव्हती. मांजर असं झाकून ठेवत नाही.

अंगणात मुलगी उभ्या उभ्या टाचा उचलत होती. मग मांड्या पोटापर्यंत आणून पाहिल्या. गाल लाल झाले होते. मला पाहून म्हणाली, "पाह्य वं माय, मोकळी झाली मी! मान थोडी लागते, पण पाय उचलून राह्यले."

मी "बरं झालं" म्हटलं. सासूबाई तिथंच बसल्या होत्या, तिचे बाबा "बस जाईन, चला" करत होते. आणि मैदानाला निघालेल्या पोरीला असं विचारायचं तरी कसं? प्याली नसेल तर तिच्या मनाला लागेल. प्याली असेल तर, तर मग काय करायचं तेच मला माहीत नव्हतं. जाऊ नको म्हणायचं? तिची दोन वर्षं गेली असती त्या एका शब्दात. जाऊ द्यायचं? आणि पळताना तिच्या छातीत काही झालं तर? मी उरलेला काढा निंबाच्या बुडाशी ओतला आणि पातेलं घासून पालथं घातलं.

बसमध्ये तिघांच्या बाकावर आम्ही बसलो. ती खिडकीशी, मी मधात, तिचे बाबा कडेला. आणि तिचे बाबा बोलायला लागले. एरवी राळेगावपासून यवतमाळपर्यंत त्यांच्या तोंडून चार शब्द निघत नाहीत. त्या दिवशी कंडक्टरला कापसाचा भाव सांगितला, पुढच्या बाकावरच्या माणसाला मोटारीचा बिघाड पहिल्यापासून समजावला, रस्ता किती वेळा उखडला ते सांगितलं. गुडघा सारखा हलत होता, माझ्या गुडघ्याला लागत होता. मला राग आला. पोरीचा जीव टांगणीला लागला आहे आणि यांना गप्पा सुचतात.

मी मुलीचा हात हातात घेतला. तिला वाटलं, आई धीर देते. मी मनगटावरची शीर पाहत होते. शीर जोरात उडत होती. पण परीक्षेला निघालेल्या कुणाचीही उडेल. मी तिच्या तळव्याला अंगठा लावून पाहिला, ओला आहे का. कोमट होता, ओला नव्हता, मग ओला वाटायला लागला, मग कळेना की घाम तिचा की माझा.

कळंबला बस थांबली तेव्हा साऱ्यांनी चिंतामणीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले. तिनं डोळे मिटून काय मागितलं ते मला माहीत आहे. मी ते मागितलं नाही. मी एवढंच मागितलं की ती काढा प्यालेली नसू दे.

मैदानाच्या फाटकाशी मुलींची भली मोठी रांग होती. कुणी भाऊ घेऊन आलेली, कुणी एकटी. आमच्या पुढच्या दोन मुली बोलत होत्या.

"रक्त घेऊन राह्यले म्हणे आत."

"कायले?"

"कोणीतरी इंजेक्शन घेऊन आलतं म्हणे. काढून देल्लं बाहेर."

"जाऊ दे ना बाप्पा, आपल्याले कोण इंजेक्शन देते. इथं चहा नाही भेटला सकाळपासून."

माझ्या मुलीनं हे ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं साधं होतं का घाबरलेलं, मला समजलं नाही. आणि मग मला राहवलं नाही. रांग पुढं सरकत होती, फाटक जवळ आलं होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"तू पेली काय?"

"काय?"

"काढा. कालचा."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"निम्मा कमी होता सकाळी," मी म्हटलं. "पेली असशील तर सांग. मी कोणाले सांगत नाही. आपण घरी जाऊ."

"तुले असं वाटते?"

मी खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

"मंग पेली असन. घरात दुसरं कोण हाये चोर? मीच पेली." तिनं माझ्या खांद्यावरची आपली बॅग ओढून घेतली. "आन घरीबिरी मी येत नाही. मी पळतो आता."

आत गेली. वळून पाहिलं नाही. तिची मान तशीही वळत नव्हती, पण तिनं पाहिलं नाही ते वेगळं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिचे बाबा थोडं दूर कठड्यावर बसले होते आणि दुपट्ट्यानं मानेचा घाम पुसत होते. अंगावर शाल घ्यावी अशी थंडी होती. मी जवळ गेले.

"काहून तर छाती धडधडून राह्यली," ते म्हणाले. "रातभर डोळ्याले डोळा नाही लागला. पोरीची काळजी असन."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळ ओलं, डोळे ताणलेले, गुडघा हलतोच आहे.

"रात्री काय खाल्लं तुम्ही?"

"भाकर. वांग्याची भाजी. आन तो तू ठेवला होता तो काढा."

"मी कुठं ठेवला तुमच्यासाठी?"

"चुलीजवळ झाकून नव्हता काय?"

तेव्हा मला समजलं. लग्न झाल्यापासून ते शेतातून उशिरा येतात, आणि मी त्यांच्यासाठी जे काही ठेवते, भाजी असो, दूध असो, चहा असो, ते चुलीच्या कडेला झाकून ठेवते. सांगावं लागत नाही. चुलीजवळ झाकलेलं म्हणजे त्यांचं. काल मी त्याच जागी, त्याच ताटलीखाली काढा ठेवला होता. फोनवर काय बोलणं झालं ते त्यांना माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

"तिच्यासाठी केला होता तो."

"तिच्यासाठी?" त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "मले वाटलं, माह्यासाठी. मीबी त्याच पाण्यात होतो ना वं. परवापासून माहीबी मान वळत नाही, कंबर धरली. मी बोललो नाही कोणाजवळ. पोरीचं चालू होतं. म्हटलं, नाही बोललो तरी हिच्या ध्यानात आलं."

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दोघं बरोबर घरी आले होते, दोघांच्याही कपड्यांतून पाणी गळत होतं, आणि मी एकालाच गोधडी घातली होती.

मी पुतण्याला फोन लावला. त्यानं विचारलं, छातीत दुखतं का, दम लागतो का. नाही म्हटल्यावर म्हणाला, बसवून ठेवा, पाणी पाजा, चहा देऊ नका, आणि दुखायला लागलं तर तिथं अँब्युलन्स उभी असेल, सरळ घेऊन जा. अँब्युलन्स खरंच उभी होती, पळताना पडणाऱ्या मुलींसाठी. मी त्यांना त्या गाडीजवळ नेऊन बसवलं. ते म्हणाले, "मी काय भरतीले आलो काय?" पण बसले.

मग मी फाटकाशी गेले. तिथं एक पोलीस बाई होती, माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल.

"मॅडम, पोरीले एक निरोप द्यायचा होता."

"आता नाही देता येत, मावशी. ग्राउंड चालू आहे."

"एवढंच सांगा तिले, तिच्या बाबानं पेला म्हणा."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग अँब्युलन्सजवळ बसलेल्या माणसाकडे पाहिलं. घामेजलेले, लाल डोळ्यांचे, गुडघा हलवत.

"सकाळी सकाळी?"

"दारू नाही जी. काढा."

"मावशी," ती म्हणाली, "असा निरोप मी कसा देऊ? पळू द्या तिला."

मागच्या मुली हसल्या. मला भुईत जावंसं वाटलं, तरी मी तिथंच उभी राहिले. भिंतीपलीकडून शिट्टी यायची, मग पावलांचा आवाज, मग कुणीतरी ओरडायचं. दर शिट्टीला वाटायचं, ही तिची. ती रागात पळत असेल. आखडलेल्या पायानं, चोर ठरवल्याच्या रागात. धापा टाकत पडली तर मला कोण सांगणार? मध्ये एक मुलगी दोघींनी धरून आणली, केस तोंडावर आलेले, आणि तिचा चेहरा दिसेपर्यंत मी श्वास घेतला नाही. दुसरीच होती. तिच्या आईनं हंबरडा फोडला आणि मला बरं वाटलं. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

तिच्या बाबांचं धडधडणं हळूहळू कमी झालं. ते भिंतीला डोकं टेकून बसले. बोलणंही थांबलं, पुन्हा नेहमीसारखं.

ऊन चढल्यावर ती बाहेर आली. लंगडत होती. माझ्या समोरून गेली आणि बाबांजवळ जाऊन उभी राहिली.

"काय झालं बाबा? तोंड काहून असं?"

"काढा पेलो वं, तुह्या वाटचा."

"केव्हा?"

"राती. चुलीजवळ होता. मले वाटलं तुह्या मायनं माह्यासाठी ठेवला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. मग ती बाबांच्या शेजारी खाली बसली आणि बूट काढायला लागली.

"मंग? त्यानं जोर येते काय?"

"पळावंसं वाटते," ते म्हणाले.

"मंग आत यायचं होतं ना. छातीचं माप भरलं असतं तुमचं. उंचीत राहिले असते फक्त."

बाबा हसले. ती हसली नाही, पण बूट काढता काढता सांगायला लागली. आठशे मीटर मागच्या खेपेपेक्षा चांगलं गेलं. शेवटच्या वळणावर पोटरीत गोळा आला, तरी थांबली नाही. गोळाफेक कमी पडली, कारण मान वळली नाही. रक्त कुणाचंच घेतलं नाही. ती सारी रांगेतली अफवाच होती. "मी हात पुढं करून उभीच होती," ती म्हणाली. "म्हटलं, घ्या म्हणा, एकदाचं समजू दे सगळ्यायले." हे बाबांना सांगितलं, पण मला ऐकवायला.

यादी पुढं लागली आणि त्यात तिचा नंबर निघाला, अगदी खालून जवळ, पण निघाला. आता ती लेखीचा अभ्यास करते. कापडाच्या दुकानात दुसरी मुलगी लागली.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती कळंबपर्यंत एक शब्द बोलली नाही. कळंबचा स्टँड मागे पडल्यावर तिनं दोन्ही पाय उचलून माझ्या मांडीवर टाकले. "पोटऱ्या दाब," म्हणाली. मी दाबत बसले. पलीकडे तिचे बाबा बसल्या जागी झोपले होते. बसच्या धक्क्यानं डोकं हलायचं, पण मान एका बाजूलाच ताठ होती. गेले दोन दिवस ती तशीच असणार, आणि मी रोज त्यांना समोर बसवून वाढत होते.

घरी आल्यावर मी सुंठ ठेचली, गूळ घातला आणि चुलीवर पाणी ठेवलं. तव्यात मीठ जास्तीचं भाजून दोन पुरचुंड्या बांधल्या. सासूबाईंनी विचारलं, "दोन कायले वं?" मी म्हटलं, "दोघं भिजले होते." सुंठेचं पाणी दोन वाट्यांत ओतलं. एक मुलीच्या हातात दिली, एक त्यांच्या. चुलीजवळ झाकून काही ठेवलं नाही.